दंडावरचं मिग

विमान दंडावर काढून घेऊ नका. हे वाक्य मी कशेळ्याच्या नाक्यावर इतक्या पोरांना ऐकवलंय की दुकानाच्या पाटीवर रंगांच्या नावांखाली तेही रंगवून टाका, अशी सूचना घरातूनच आली आहे.

दुकान रंगाचं. ऑइलपेंट, डिस्टेंपर, पुट्टी, ब्रश. शिवाय पाट्या मी स्वतः रंगवून देतो. हा हात वायुदलात बसला. बेळगावजवळ सांबऱ्याला ट्रेनिंग झालं आणि ट्रेड मिळाला एअरफ्रेम फिटरचा. विमानाचा सांगाडा, पत्रा, रिव्हेट, चाकं, पंखांचे हलते भाग, हे सगळं आमच्याकडे. नोकरीचा बराचसा काळ मिग-२१ च्या पोटाखाली उकिडवं बसून गेला. अक्षर बरं आहे हे एका वॉरंट ऑफिसरच्या नजरेला आलं आणि पत्र्याच्या कामाबरोबर शेपटीवरचे नंबर, पंखांवरचं तिरंगी वर्तुळ, 'इथे पाय देऊ नये' छापाच्या बारीक सूचना हेही स्टेन्सिलनं उठवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तेव्हापासून विमानाचं चित्र दिसलं की माझी नजर आधी चुकीवर जाते. नवरीच्या हातावरची मेंदी बघताना नवऱ्याचं नाव कुठे लपवलंय ते शोधावं, तसा मी वर्तुळाचे रंग आणि नंबर शोधतो.

हल्ली हे शोधकाम वाढलंय. कर्जत-मुरबाड रस्त्यावरचं आमचं गाव. पेठच्या किल्ल्याला जाणारी आणि खांडसवरून भीमाशंकर चढणारी मुंबई-पुण्याची पोरं इथे चहा-वडापावला थांबतात. त्यांच्या उघड्या हातांवर पूर्वी त्रिशूळ, राजमुद्रा, 'आई' असं गोंदलेलं दिसायचं. मध्येच एखादं जुनं लढाऊ विमान दिसू लागलं. मग आमच्या आसपासच्या पोरांनी ते बघितलं. कर्जतचा एक टॅटूवाला माझ्याकडून पाट्या रंगवून घ्यायचा. त्याला माझी आधीची नोकरी कळल्यावर तो गिऱ्हाईकांना सरळ माझ्याकडे पाठवू लागला, "काकांना दाखवून ये, मग सुई लावतो." सल्ल्याचे पैसे मी घेत नाही. बोलणी मात्र खावी लागतात.

इंग्लंड-अमेरिकेत हा प्रकार जुना आहे आणि तिथे त्यामागे बहुतेक वेळा घरातला माणूस असतो. आजोबा दुसऱ्या महायुद्धात लँकेस्टर नाहीतर बी-१७ बॉम्बरवर होते, म्हणून नातू त्याच विमानाचं चित्र शेपटीवरच्या अक्षरांसकट हातावर काढून घेतो. आपल्याकडे घरातल्या माणसाचं काम सिनेमानं केलं. २०२२ साली 'टॉप गन'चा दुसरा भाग आला, त्यात शेवटी टॉम क्रूझ पी-५१ मस्टँग हे जुनं चकचकीत पंख्याचं विमान उडवतो. त्यानंतर मस्टँगची चित्रं मोबाइलमध्ये घेऊन पोरं येऊ लागली. देखणं विमान, वाद नाही. पण भारतीय वायुदलानं मस्टँग कधीच वापरलं नाही. "तुझ्या हातावर हे कशाला?" या माझ्या प्रश्नाला "काका, लूक भारी आहे," हे उत्तर ठरलेलं. लूक भारी असणं हे काही वाईट कारण नाही. फक्त मग मला विचारायला येऊ नये.

शार्कच्या जबड्याचं तसंच. बुलेटच्या टाकीपासून रिक्षाच्या तोंडापर्यंत सगळीकडे दात विचकलेले दिसतात, त्याचं मूळ विमानात आहे. महायुद्धात एका जर्मन तुकडीनं आपल्या मेसरश्मिट विमानांच्या नाकावर तो जबडा रंगवला. आफ्रिकेच्या वाळवंटात लढणाऱ्या ब्रिटिशांच्या ११२ स्क्वाड्रननं तो बघून आपल्या पी-४० विमानांवर उचलला. त्यांचे फोटो छापून आले, ते पाहून ब्रह्मदेश-चीनकडे गेलेल्या 'फ्लाइंग टायगर्स' नावाच्या अमेरिकी स्वयंसेवकांनी पुन्हा उचलला. म्हणजे ज्याला सगळे अमेरिकन समजतात तो जबडा मुळात जर्मन. पी-४० च्या नाकाखाली हवा आत घ्यायला मोठं भोक असतं, तेच तोंड होतं, म्हणून तिथे तो शोभला. ज्या विमानाला तिथे भोक नाही त्याच्यावर दात काढले की कवळी लावल्यागत दिसतं.

सगळ्यात जास्त मागणी स्पिटफायरला. रेजिनाल्ड मिचेल या इंग्रज इंजिनिअरचं हे काम, १९३६ च्या मार्चमध्ये पहिल्यांदा उडालं. वरून बघितलं तर पंख लंबगोल, टोकाकडे हळूच निमुळते होत गेलेले, म्हणून कुठल्याही कोपऱ्यातून ओळखू येतं. टॅटूसाठी याहून सोयीची आकृती नाही. आमच्या बाजूच्या गावातला एक पोरगा असंच स्पिटफायर घेऊन आला. पंखावर निळं, पांढरं आणि मध्ये लाल असं वर्तुळ. मी त्याला विचारलं, "हे कुणाचं विमान?" तो म्हणाला, "स्पिटफायर." मी म्हटलं, "जात विचारली नाही, मालक विचारला."

या वर्तुळाला वायुदलात राउंडेल म्हणतात आणि सगळी गोष्ट तिथेच असते. लाल ठिपक्याचं राउंडेल इंग्रजांच्या रॉयल एअर फोर्सचं. १ एप्रिल १९३३ ला कराचीत आपल्या वायुदलाची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, तिच्याकडे वापिटी नावाची दोन मजली पंखांची विमानं होती आणि त्यांच्यावरही हेच वर्तुळ होतं. पुढे ब्रह्मदेशच्या आघाडीवर जपानी विमानांच्या पंखांवर मोठा लाल सूर्य असायचा. घाईत आपल्याच माणसानं लाल बघून आपलंच विमान पाडू नये म्हणून मधला लाल काढून टाकला. गडद निळ्याच्या आत फिका निळा ठिपका, असं वर्तुळ आलं. त्या निळ्या खुणेखाली आपल्या वैमानिकांनी हरिकेन चालवली आणि पुढे स्पिटफायरही. स्वातंत्र्यानंतर थोडा काळ अशोकचक्र होतं आणि १९५० पासून आजचं तिरंगी राउंडेल आलं. म्हणजे एकाच स्पिटफायरवर तुम्ही कोणतं वर्तुळ काढता त्यावरून साल कळतं, आघाडी कळते, आणि ते विमान कुणाच्या हुकमात होतं हेही कळतं. १९४७-४८ च्या काश्मीर लढाईत स्पिटफायर उडाली ती स्वतंत्र भारताची होती. त्या लढाईत महावीर चक्र मिळवणारे मुंबईचे हृषीकेश मुळगावकर पुढे १९७६ ते ७८ वायुदलप्रमुख होते.

लाल ठिपक्याच्या स्पिटफायरचंही मुंबईशी नातं आहे, पण ते वेगळं. रॉयल एअर फोर्सच्या दोन स्पिटफायर स्क्वाड्रनच्या नावातच मुंबई होती. १२२ ही 'बॉम्बे' आणि १३२ ही 'सिटी ऑफ बॉम्बे'. युद्धासाठी इथून गेलेल्या देणग्यांची ती पावती. १२२ ची विमानं १९४२ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या दिएप किनाऱ्यावर लढत होती. त्याच ऑगस्टात इथे 'चले जाव' सुरू झालं. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी आपल्या याच कर्जत-मुरबाड पट्ट्यातली पोरं घेऊन आझाद दस्ता बांधला आणि मुंबईच्या कारखान्यांना वीज नेणारे मनोरे पाडायला घेतले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पडले. आमच्या नाक्यावरून मुरबाडकडे निघालं की सिद्धगडाचा डोंगर लांबून दिसतो. दर वर्षी २ जानेवारीला माणसं तिथे जातात आणि तो स्पिटफायरवाला पोरगाही जातो.

हे सगळं त्याला सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग निळंवालं काढू?" मी म्हटलं, "काढ. नाहीतर चक्राचं काढ." स्पिटफायर वाईट नाही, इंग्रजांचं आहे म्हणून टाकून द्यावं असंही माझं म्हणणं नाही. पण आपल्याकडच्या पोरानं १९४२ चं लाल ठिपक्याचं विमान हातावर मिरवायचं तर निदान माहीत असताना मिरवावं.

आपली स्वतःची जुनी विमानं कमी नाहीत, फक्त ती सिनेमात दिसत नाहीत. नॅट घ्या. जेमतेम नऊ मीटर लांब, इतकं बुटकं की जमिनीवर उभं राहून त्याची बरीच कामं करता यायची. १९६५ च्या युद्धात त्यानं पाकिस्तानच्या सेबर विमानांशी टक्कर दिली आणि १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर एकट्यानं झुंज देऊन फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों पडले तेही नॅटमध्येच. वायुदलाला मिळालेलं आजवरचं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. लहान मनगटावर लहान विमान शोभतं, म्हणून मुलींना मी नॅट सुचवतो. मारुत घ्या. ज्यांनी जर्मनीसाठी फॉके-वुल्फ १९० काढलं त्याच कुर्ट टँकनी बेंगळुरूत बसून आपल्यासाठी ते काढलं, १७ जून १९६१ ला ते पहिल्यांदा उडालं. लांब, सडपातळ, दोन इंजिनांचं. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात एक उभं आहे, शाळेच्या सहलीत हजारो पोरं त्याच्यासमोर डबा खाऊन गेली असतील. नौदलाची हौस असेल तर जुन्या विक्रांत या विमानवाहू जहाजावरचं सी हॉक. त्या स्क्वाड्रनचं चिन्ह झेप घेणारा पांढरा वाघ. १९७१ च्या डिसेंबरात कॉक्स बझार आणि चितगाववर हीच विमानं गेली. ती विक्रांत २०१४ साली भंगारात निघाली, पण सी हॉक बघायचं तर गोव्यात दाबोळीजवळ बोगमाळोला नौदलाचं विमान संग्रहालय आहे, तिथे जावं. समोर उभं राहून काढलेला फोटो नेटवरच्या चित्रापेक्षा लाखपट बरा. नेटवरची निम्मी चित्रं प्लास्टिकच्या खेळण्यांवरून काढलेली असतात.

कॅनबेराचा किस्सा सांगायलाच हवा. १८ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्तीच्या वेळी पुण्याहून उडालेल्या कॅनबेरांनी दाबोळीची धावपट्टी फोडली. पुढे २००७ पर्यंत हे विमान आपल्या सेवेत होतं. इथल्या एका फार्महाउसवर आलेल्या पुण्याच्या तरुणानं, आजोबा कॅनबेरावर मेकॅनिक होते म्हणून, ते पाठीवर काढून घेतलं होतं. काम अप्रतिम, छाया-प्रकाश सगळं झकास. पण आपल्या बहुतेक कॅनबेरांची एक खोड आहे. वैमानिकाची काचेची टोपी मधोमध नसते, डावीकडे सरकलेली असते. त्याच्या पाठीवर ती उजवीकडे होती. कारागिरानं चित्र उलटं करून छापलं होतं, मोबाइलवर एक बोट फिरलं की होतं. अक्षरं असती तर लगेच कळलं असतं, अक्षरं नव्हती म्हणून कुणाला कळलं नाही. मी त्याला सांगितलं नाही. आजोबा हयात नव्हते, आणि पाठ काही त्याला स्वतःला दिसत नाही.

आता मिग-२१. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला या विमानाला निरोप दिला गेला, जिथे १९६३ ला ते पहिल्यांदा आलं होतं. टीव्हीवर दिवसभर तेच होतं आणि त्यानंतर आमच्याकडे मिगची साथच आली. या विमानाबद्दल मी तटस्थ नाही. 'उडती शवपेटी' हा शब्द मला ऐकवत नाही, पण तो खोटा म्हणून उडवूनही लावता येत नाही. बरीच पोरं गेली, त्यातल्या काहींना मी शिडी लावून दिली होती. नव्या वैमानिकाला हे विमान उतरवणं सोपं नव्हतं. पंख लहान, त्यामुळे ताशी तीनशे किलोमीटरच्या वर वेग ठेवूनच जमिनीवर टेकवावं लागायचं. पण साठ वर्षं आकाशाची राखण याच विमानानं केली, आणि त्यातली शेकडो विमानं आपल्या नाशिकजवळ ओझरला, हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बनली. १९६४ साली तो कारखाना मिगसाठीच उभा राहिला. निफाड-दिंडोरीच्या कितीतरी घरांची चूल त्याच्यावर पेटली. म्हणून मिग काढायचं असेल तर मी नाही म्हणत नाही, उलट दुकानातलं काम सोडून बसतो.

मिगचा आकार सोपा वाटतो आणि तिथेच घात होतो. एक नळी, पुढे तोंडात शंकू, दोन बाजूंना त्रिकोणी पंख. पंखांची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रुंदी ७.१५ मीटर आणि लांबी त्याच्या जवळजवळ दुप्पट. पोरांना पंख मोठे आवडतात, मग कारागीर ते पसरवतो आणि मिगचं मिराज होतं. कर्जतच्या त्या दुकानात मी एकदा पूर्ण वेळ बसलो होतो. आधी केस काढून, स्पिरिटनं पुसून, जांभळ्या कार्बनचा कागद दाबून त्यानं चित्राचा ठसा हातावर उठवला. तळहात वर करून ठेवलेल्या हातावर विमान सरळ होतं. मी त्या पोराला म्हटलं, "आता तळहात खाली कर." मनगटाकडचा भाग फिरला, कोपराकडचा जागीच राहिला आणि मिगचं नाक मुरगळल्यासारखं वळलं. कोपरापुढच्या भागात दोन हाडं असतात, तळहात उलटा केला की एक दुसऱ्यावरून आडवं जातं आणि कातडी त्याच्याबरोबर पिळते. ठसा पुसला, विमान थोडं कोपराकडे सरकवलं, लहान केलं, पुन्हा उठवलं. असं जमेपर्यंत केलं. माझ्या मते टॅटूचं अर्धं काम इथेच असतं, सुई लागायच्या आधी.

सुईचं यंत्र हे विजेच्या पेनाचं पोर आहे. एडिसननं कागदाला बारीक भोकं पाडून प्रती काढायला विजेचं पेन केलं होतं, न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायलीनं त्याच कल्पनेवर १८९१ साली टॅटूच्या यंत्राचं पेटंट घेतलं. सुई कातडीत दीड-दोन मिलिमीटर जाते. वरचा पापुद्रा सतत झडत असतो, तिथे शाई टिकत नाही. ती त्याखालच्या थरात सोडावी लागते. शरीर त्या कणांना परका माल समजतं आणि आपल्या पेशी पाठवून गिळून टाकतं. पण कण इतके मोठे की पेशीला ते पचत नाहीत, हलवताही येत नाहीत. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ साली उंदरांवर दाखवून दिलं की ती पेशी मरते तेव्हा शाई मोकळी होते आणि शेजारची नवी पेशी तिला पुन्हा गिळते. विमान हातावर टिकतं ते या पिढ्यान्‌पिढ्यांच्या पहाऱ्यामुळे.

मात्र रेघा वर्षांगणिक थोड्या पसरतातच. म्हणून रिव्हेटचे ठिपके आणि पत्र्याच्या सांध्यांच्या रेघा लहान चित्रात घालू नका, दहा वर्षांत सगळा काजळाचा गोळा होईल. आपल्या सावळ्या कातडीवर काळी-करडी शाई उत्तम बसते. राउंडेल रंगीत करायचं तर पांढरी शाई पुढे पिवळट पडते, केशरी मळकट दिसतं. पांढऱ्याच्या जागी कातडी तशीच सोडलेली बरी. आणि क्रम लक्षात ठेवा. आपल्या राउंडेलमध्ये केशरी आत, मग पांढरा, हिरवा सगळ्यांत बाहेर. झेंड्यासारखं वरून खाली मोजत गेलेली पोरं केशरी बाहेर काढून बसतात. सुई पाकीट फोडून समोर लावलेली असावी, शाई नव्या टोपणात ओतलेली असावी. जत्रेत एकच सुई सगळ्यांना लावणाऱ्या माणसाकडे जाऊ नका. कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही तिथून मिळू शकतात. म्हशाच्या जत्रेला जावं ते घोंगडी आणायला. टॅटूनंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही, हेही आधी माहीत असावं.

गोंदणं आम्हाला नवी नाहीत. माझ्या आईच्या हातावर तुळस होती, कपाळावर हिरवट पडलेली चंद्रकोर. आमच्या आजूबाजूच्या ठाकर आदिवासींच्या वाड्यांमध्ये म्हाताऱ्यांच्या हातांवर, हनुवटीवर, पिंढऱ्यांवर ठिपके आणि नक्षी अजून दिसते. तीन-चार सुया दोऱ्यानं एकत्र बांधायच्या, काजळी लावून टोचायच्या, वर हळद. मेल्यावर दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं त्या सांगतात. या बायकांनी कधी विमान जवळून पाहिलं नसेल. वर मुंबईला उतरणारी विमानं मात्र रोज दिसतात.

आता दंडाची गोष्ट. मागे दोघं जण माझ्याकडे आले होते, दोघांनाही वायुदलात अग्निवीर व्हायचं होतं. एक ठाकरवाडीतली मुलगी. आजीनं लहानपणी हौसेनं हनुवटीवर तीन ठिपके गोंदले होते, त्यावर कॉलेजात कुणीतरी म्हणालं होतं, तुला घेणार नाहीत. दुसरा पोरगा. पळण्यात पहिला, सोळाशे मीटरला सहा मिनिटंसुद्धा लागत नव्हती. शर्टाची बाही वर केली तर दंडाच्या बाहेरच्या बाजूला टच्च मिग-२१. नाकापासून शेपटीपर्यंत अचूक. राउंडेलसुद्धा बरोबर. माझ्याकडे न दाखवता काढलेलं इतकं चांगलं मिग मी दुसरं पाहिलं नाही.

वायुदलाच्या भरतीच्या जाहिरातीत शरीरावरच्या टॅटूचा स्वतंत्र परिच्छेद असतो. कायमस्वरूपी टॅटू चालत नाही, अपवाद हाताच्या आतल्या बाजूचा, म्हणजे कोपराच्या आतून मनगटापर्यंत, आणि तळहाताच्या मागच्या बाजूचा. याशिवाय आदिवासी उमेदवारांच्या अंगावर त्यांच्या जमातीच्या रूढी-परंपरेप्रमाणे असलेली गोंदणं विचारात घेतली जातात. स्वीकारायचं की नाही याचा शेवटचा अधिकार निवड करणाऱ्यांचा. म्हणजे विमान जवळून न पाहिलेल्या आजीचे तीन ठिपके वायुदलाच्या नियमात बसतात आणि वायुदलाचंच मिग, वायुदलाच्याच राउंडेलसकट, बसत नाही. हेच मिग कोपराच्या खाली, हाताच्या आतल्या बाजूला असतं तर चाललं असतं.

पोरगा माझ्यावरच चिडला. नियम मी केल्यासारखा. त्याची चीड मला समजते, पण नियमाची बाजूही समजते. दलात टॅटूवरून गट पडू नयेत, गणवेशातला माणूस गणवेशातलाच दिसावा, हा त्यामागचा विचार जुना आहे. जमातीच्या गोंदणाला दिलेली सूटही योग्य. ते पोरीनं निवडलेलं नव्हतं, तिला ते लावून मिळालं. त्याचं मिग त्यानं पैसे मोजून निवडलं. मला खटकतं ते एवढंच की हा परिच्छेद जाहिरातीच्या बऱ्याच आत असतो आणि आमची पोरं पहिलं पान वाचतात. मुलीला मी जातीचा दाखला आणि जमातीच्या गोंदणाबद्दलचे कागद आधीच तयार ठेवायला सांगितलं. पोराला लेसरबद्दल सांगावं लागलं. लेसर शाईचे कण फोडतो आणि मग शरीर ते हळूहळू वाहून नेतं. काळी शाई त्यातल्या त्यात लवकर जाते, पण आठवड्यांच्या अंतरानं पुन्हापुन्हा बसावं लागतं, खर्च टॅटूच्या कितीतरी पट, आणि सावळ्या कातडीवर पांढुरका डाग राहू शकतो. अग्निवीरसाठी वयाची मर्यादाही कमी असते. तो सध्या कल्याणला जातो, त्वचेच्या डॉक्टरकडे. मिगची शेपटी गेली आहे, नाक अजून आहे.

तेव्हा कर्जत-खालापूरच्या पोरांनो आणि त्यांच्या आईबापांनो, विनंती अशी. सैन्याच्या तिन्ही दलांपैकी कुठल्याही भरतीला जायचं मनात असेल तर त्या वर्षीच्या जाहिरातीतला टॅटूचा परिच्छेद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि निवड होऊन हातात पत्र येईपर्यंत सुई लांब ठेवा. भरतीला जायचं नसेल तर हात तुमचा, विमान तुमचं. ठसा उठवण्याआधी चित्र घेऊन कशेळ्याच्या नाक्यावर या. दुकान संध्याकाळी आठपर्यंत उघडं असतं.